अकरा गाण्यांचं गाईड

आमच्या कॉलनीत एका इंग्रजी कॅसेटचं गाईड निघालं होतं आणि ते मी लिहिलं होतं. दहावीच्या मुलांच्या हातात मराठीचं असतं अगदी तसं. शब्दार्थ, संदर्भ, स्पष्टीकरण, मध्यवर्ती कल्पना. अकरा गाणी, अकरा पाठ, शंभर पानी वही. त्यातलं निम्मं मी मनाने लिहिलं होतं. ही गोष्ट आजवर चार-पाच जणांनाच कळली आहे आणि त्यांनीही ती फारशी मनावर घेतली नाही, याचं मला अजून थोडं वाईट वाटतं.

कॅसेट आली ती तळमजल्यावरच्या माझ्या मैत्रिणीच्या घरी. तिचा मामा बोटीवर इंजिनरूममध्ये होता. वर्षाआड मुलुंडला यायचा तेव्हा एका कापडी पिशवीत पंधरा-वीस कॅसेटी घेऊन यायचा, सगळ्या उघड्या. प्लॅस्टिकच्या डब्या आणि आतले छापील कागद तो बोटीवरच काढून ठेवायचा. "डब्यांना जागा लागते," तो म्हणायचा, "गाणं काय डबीत असतं?" त्या खेपेला बहुतेक कॅसेटी नाचायच्या होत्या. एक मात्र वेगळी निघाली. कुठल्याशा बंदरावरच्या दुकानदाराने ती त्याच्या गळ्यात मारली होती. नवीन पोरं आहेत, पहिलीच रेकॉर्ड आहे, घेऊन जा.

त्या पोरांचं नाव मी इथे लिहीत नाही. ज्यांना ती कॅसेट माहीत आहे ते एव्हाना ओळखायला लागले असतील, आणि नाव लिहिलं तर मला पत्र पाठवून माझ्या चुका दाखवतील. त्या कॅसेटवर प्रेम करणाऱ्यांची जातच तशी आहे.

नाचता येईल असं तिच्यात काही नव्हतं. दोन गिटारी एकमेकींशी बोलल्यासारख्या वाजायच्या, स्वच्छ, आवाज न चढवता, आणि त्यांच्यावर एक मुलगा गायचा. गायचा म्हणजे तोंडी परीक्षेला बसल्यासारखा उत्तरं द्यायचा. एका ओळीत मावतील त्यापेक्षा चार शब्द जास्त कोंबायचा आणि तरी वेळेत पोचायचा. पुस्तकांची नावं, पुस्तकातल्या माणसांची नावं, मध्येच लॅटिन. त्याने खूप वाचलेलं होतं आणि ते आपल्याला कळल्याशिवाय तो आपल्याला सोडणार नव्हता. पहिल्यांदा ऐकली तेव्हा "बोअर आहे" म्हणून मैत्रिणीने ती बंद केली. दुसऱ्या दिवशी तिनेच परत लावली. का, ते तिला सांगता आलं नाही. सहा वर्षं झाली, अजूनही सांगता येत नाही, आणि अजूनही लावते.

रविवारी सकाळी दहाला आम्ही ती ऐकायचो. आम्ही म्हणजे मैत्रीण, तिचा दादा, दादाचा एक मित्र आणि मी. दादा विमा कंपनीत कारकून होता आणि त्याच्याकडे गिटार होती. कॅसेटमधल्या दुसऱ्या गाण्याची सुरुवात त्याला वाजवता येत होती. त्याच्या पुढे तो कधी गेला नाही. मित्र भांडुपचा, मूळचा मालवणकडचा, मराठी शाळेत शिकलेला आणि एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. गाणं चालू असताना तो मान खाली घालून बसायचा, बारीक रेघ मारताना श्वास धरावा तसा. मी दिवाणाच्या कोपऱ्यात. मला तिथे कोणी काही विचारत नसे आणि मला तेच हवं होतं.

कॉन्व्हेंटमध्ये गेलेल्या माझ्यासारख्या मुलीबद्दल कॉलनीत दोन समज होते. एक, ती शिष्ट असते. दोन, तिला सगळं कळतं. मी दोन महिने तोंड उघडलं नव्हतं, त्यामुळे दोन्ही समज पक्के झाले होते. खरं म्हणजे मला इंग्रजीत बोलायला सुचत नसे आणि मराठीत बोलायची भीती वाटत असे.

मग एका रविवारी पाचवं गाणं संपल्यावर ड्राफ्ट्समनने विचारलं, "पण हा म्हणतो काय?"

"एवढं भारी वाजवतायत. म्हणू दे ना त्याला काय म्हणायचं ते," दादा म्हणाला.

"तसं नाय रे. तो एवढा जीव तोडून सांगतोय आणि आपण नुसती मान हलवतोय. नंदीबैल आहोत का आपण?"

"मग हिला विचार ना. हिला कशाला ठेवलीय?" मैत्रीण म्हणाली, आणि तिघंही माझ्याकडे वळले.

मला शब्द ऐकू आले होते. खिडकी, खुर्ची, चार वाजलेत, कोट खुंटीवर आहे, कोणी वाट बघत नाही. पण हे कोण, कोणाला आणि कशासाठी म्हणतंय याचा मला पत्ता नव्हता. 'माहीत नाही' एवढं म्हणता आलं असतं. पण शाळेत दहा वर्षं एक गोष्ट फार नीट शिकवली होती. प्रश्न कोरा सोडायचा नाही. काहीतरी लिहा, अर्धा मार्क मिळतो.

मी म्हटलं, "एक म्हातारा माणूस आहे. त्याचं काम बंद पडलंय. तो खिडकीशी बसलाय. मुलगा त्याला सांगतोय, की आता घाई करायचं कारण नाही."

 दादाने कॅसेट मागे घेतली आणि गाणं परत लावलं. या वेळी ते खरोखरच तसं ऐकू आलं. मलासुद्धा.

"सगळीच लिहून काढ ना," गाणं संपल्यावर मैत्रीण म्हणाली. "गाईडसारखी. म्हणजे दर वेळी तुझ्या तोंडाकडे बघत बसायला नको."

मी लिहून काढली. माझं कॉलेज सकाळचं होतं आणि दुपारी घर रिकामं असायचं. मैत्रिणीचा टू-इन-वन वर आणून एकेक गाणं वीस-वीस वेळा ऐकलं. 'कोण, कोणास, केव्हा म्हणाले' असे तीन रकाने आखले आणि तिन्ही भरले. पहिलं गाणं ग्रंथालयात भांडणाऱ्या नवराबायकोचं केलं. तिसऱ्यात पुस्तकांची इतकी नावं होती की मी तिथे एक विधवा आणून बसवली, ती नवऱ्याची पुस्तकं रद्दीत घालत होती. सातव्यात लॅटिन होतं, तिथे 'धार्मिक संदर्भ' असं लिहून मोकळी झाले. शुद्धलेखन आई तपासायची. हे कॉलेजचं काम आहे असं तिला वाटत होतं. "तुमच्या अभ्यासक्रमात दुःख फार आहे गं," असं ती एकदा म्हणाली.

पाचव्या गाण्यावर मी सगळ्यात जास्त लिहिलं, सव्वातीन पानं. म्हातारा रोज ठरल्या वेळी दाढी करतो, डबा नसताना डब्याची पिशवी काढतो आणि परत ठेवतो, असंही लिहिलं. गाण्यात पिशवी नव्हती. पण गाईडमध्ये थोडं जास्तच द्यायचं असतं.

दादाने ऑफिसात वहीच्या झेरॉक्स काढल्या. मुलुंडमधून ती पानं घाटकोपरला गेली. दोन वर्षांनी कॉलेजच्या कँटीनमध्ये एका अनोळखी मुलीने मला तिसऱ्या गाण्याचा अर्थ समजावून सांगितला. "ती पुस्तकं रद्दीत घालते ना, त्यातल्या एकात नवऱ्याचं शेवटचं पत्र असतं."

पत्र माझ्या गाईडमध्ये नव्हतं. वाटेत कोणीतरी घातलं होतं.

"हो?" मी म्हटलं.

"तुला माहीत नाही? इंग्लिश लिटरेचर घेतलंयस ना तू?"

मधल्या काळात त्या पोरांच्या आणखी दोन कॅसेटी निघाल्या. कोणी कोणी त्या आणल्या. आमच्याकडे एकेकदा लावल्या आणि पहिलं गाणं संपायच्या आत दादा म्हणाला, "पहिलीची सर नाही." दोन्ही वेळा तेच म्हणाला आणि दोन्ही वेळा सगळ्यांनी मान डोलावली. पहिली मात्र वाजून वाजून झिजली. दादाने तिची प्रत काढली, मग प्रतीची प्रत काढली. आता गिटारींच्या मागे सतत फोडणी चर्र करत असल्यासारखा आवाज येतो. तोही आम्हाला गाण्यातलाच वाटतो.

ड्राफ्ट्समन मला 'तुम्ही' म्हणायचा. बाकी सगळ्यांना अरे-तुरे आणि मला तुम्ही. गाईड लिहिल्यानंतर काही महिन्यांनी जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, "तुमचं पाचवं बाबांना वाचून दाखवलं."

त्याचे वडील लोअर परळच्या एका गिरणीत होते. ती बंद पडून तेव्हा दोन वर्षं झाली होती. हे मला माहीत नव्हतं. मला सुचलेला म्हातारा भांडुपला खरोखरच असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

"मग?" मी विचारलं.

"काय नाय. परत वाचायला लावलं. आता रोज चार वाजता म्हणतात, ता गाणा लाव. इंग्लिश एक अक्षर कळत नाय त्यांना. पण तिकडच्या पोराने गिरणीवाल्यावर गाणं केलं म्हणून सगळ्या चाळीला सांगतात."

मी "अच्छा" म्हटलं आणि वर गेले. त्यानंतर चार वर्षं भांडुपला, दादाने काढून दिलेल्या प्रतीवर, रोज चार वाजता माझं पाचवं गाणं वाजत होतं. ड्राफ्ट्समन कामावर असेल तेव्हा त्याची आई लावायची.

गेल्या वर्षी मैत्रिणीचा मामा बोटीवरून कायमचा घरी आला. त्याच्या ट्रंकेत सगळ्या कॅसेटींच्या डब्यांतले कागद होते, रबरबँड लावून, वर्षवार. त्याने एकही टाकला नव्हता. मैत्रीण त्यातला एक घेऊन माझ्याकडे आली. घडी घातलेला कागद, आत मुंगीएवढ्या अक्षरांत अकराही गाणी छापलेली.

"घे. ओरिजिनल आहे. तुझ्या गाईडशी जुळतंय का बघ."

ती गेल्यावर मी दार लावून वाचलं. मी ऐकलेले शब्द जवळजवळ सगळे बरोबर होते. फक्त खुर्चीत बसलेला माणूस चुकला होता. तो वीस वर्षांचा होता. कॉलेजात होता. त्याने निबंध लिहिलेला नव्हता, चार वाजता प्राध्यापकांना भेटायचं होतं आणि त्याला खुर्चीतून उठायचा कंटाळा आला होता. कोट खुंटीवर आहे, तो घालावा की नाही, जगात आपली कोणी वाट बघत नाही, असं तो तीन कडवी स्वतःलाच समजावत होता. तिसरं गाणं न वाचलेल्या पुस्तकांबद्दल बोलणाऱ्या मुलीवर होतं. ते मी दोनदा वाचलं.

"जुळलं का?" संध्याकाळी मैत्रिणीने विचारलं.

"बऱ्यापैकी."

तो कागद कपाटात साड्यांच्या खाली गेला असता आणि तिथेच राहिला असता. पण त्याच आठवड्यात ड्राफ्ट्समन आला आणि म्हणाला, "बाबांना तुम्हाला भेटायचंय. पाचव्याबद्दल काहीतरी विचारायचंय."

"काय?"

"मला सांगत नाय. म्हणतात, लिवणाऱ्याकच इचारतलंय."

रविवारी दुपारी मी आणि मैत्रीण बसने भांडुपला गेलो. एकटीने जायला आईने नको म्हटलं असतं, आणि मला ते बरंच झालं असतं. छापील कागद मी पर्समध्ये घेतला होता. खरं सांगितलं तर त्या माणसाचं गाणं जाणार होतं. नाही सांगितलं तर त्याच्या समोर बसून त्याच्या तोंडावर खोटं बोलावं लागणार होतं, आणि आजवर मी फक्त कागदावर खोटं बोलले होते. ऐनवेळी ठरवू, असं मी ठरवलं.

डोंगराच्या अंगाला वर चढत गेलेल्या चाळी. त्यांची खोली वरून दुसऱ्या रांगेत. मनातल्या मनात मी त्याच्या वडिलांना खिडकीशी खुर्चीत बसवलं होतं. खोलीला खिडकी एकच होती आणि तिच्यापाशी स्टोव्ह होता. ते खाटेवर बसले होते, इस्त्रीचा शर्ट, वरचं बटण लावलेलं. उशाशी टेपरेकॉर्डर.

"बस गो," ते मला म्हणाले. "तूच ती? माका वाटला, चष्मेवाली कोणतरी मास्तरीण येतली."

ड्राफ्ट्समनच्या आईने चहा आणि खाजा पुढे ठेवला. मैत्रिणीने लगेच खायला घेतला. मी कप हातात धरून बसले.

"एक इचारूचा होता," ते म्हणाले. "तो म्हातारो, खुर्चीत बसलेलो. तो गिरणीत खंयच्या खात्यात होतो?"

मी कप खाली ठेवला.

"मी साचेखात्यात होतंय, सव्वीस वर्सां. माग चालतत थंय. माझ्या कानात अजून ते वाजतत. चार वर्सां हेचा गाणा ऐकतंय, पण त्या वाजपात माग नाय. मागावरचो माणूस असो गाणा म्हणाचो नाय. म्हणान म्हटला, इचारुया."

उत्तर सोपं होतं. हिशेब खात्यात. किंवा गोदामात. माझ्या जिभेवर दोन्ही आली होती. पण शाळा-कॉलेजात आजवर ज्यांनी ज्यांनी मला प्रश्न विचारले त्यांना उत्तर आधीच माहीत असायचं, त्यांना फक्त मी किती भरते ते बघायचं असायचं. या माणसाला खरंच उत्तर हवं होतं. चार वर्षं त्याने माझं लिखाण गाण्याशी ताडून पाहिलं होतं, आणि एवढं माझं लिखाण कोणीही तपासलं नव्हतं.

"तो म्हातारा नाहीये," मी म्हटलं.

"वाट लागली," मैत्रीण हळूच म्हणाली. तिच्या तोंडात खाजा होता.

मी पर्समधून कागद काढला आणि एकेक ओळ मराठीत सांगितली. मुलगा वीस वर्षांचा आहे. निबंध झालेला नाही. चार वाजता मास्तर बोलावतात. कोट खुंटीवर आहे. उठायचा कंटाळा आलाय. गाणं एवढंच आहे. बाकीचं, म्हातारा, पिशवी, दाढी, मी लिहिलं. मला तेव्हा अर्थ कळला नव्हता.

ड्राफ्ट्समन दारात उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

वडिलांनी उशाशी असलेल्या टेपरेकॉर्डरकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे, जावक नको म्हणान गाणा लिवल्यान?"

"हो."

"आणि आमका जावचा होता तर गेट बंद."

 त्यांनी हात पुढे केला, कागद घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. "बाकीची काय आसत ती पण सांग."

मी बाकीची दहा सांगितली. पहिल्यात दोघं जण एका पुस्तकावरून भांडतात. दुसऱ्यात एक जण बागेत वाचत बसलाय. चौथ्यात एक मुलगी पत्राला उत्तर देत नाही, कारण पत्रात व्याकरणाच्या चुका आहेत. सांगत गेले तसतसं माझ्याच लक्षात येत गेलं की अकरा गाण्यांत एकही माणूस कामावर जात नाही. त्यांच्या ते माझ्या आधी लक्षात आलं होतं.

"ह्यांचा पोट कोण भरता?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं.

चार वाजले. ड्राफ्ट्समन सवयीने टेपरेकॉर्डरकडे वळला. "नको," वडील म्हणाले. तो हात मागे घेऊन उभा राहिला. त्याच्या आईने कप उचलले.

बसस्टॉपपर्यंत तो आम्हाला सोडायला आला. आम्ही अर्धा उतार उतरलो. मग तो म्हणाला, "सांगायची काय गरज होती तुम्हाला?"

"त्यांनी विचारलं."

"मग म्हणायचं ना, हिशेब खात्यात होता. तुम्हाला सुचलं नसेल असं नाय."

"सुचलं होतं."

"मग?"

 मैत्रीण म्हणाली, "अरे, जाऊ दे ना. हिला एकतर बोलता येत नाही, त्यात आज बोलली." तिला ते समजावणं वाटत होतं.

पुढचे तीन रविवार ड्राफ्ट्समन आला नाही. दादाने मला विचारलं, "काय केलंस गं तू त्याला?" मैत्रिणीने सांगितलं. दादाने छापील कागद मागून घेतला, वाचला आणि परत दिला. "तुझं बरं होतं," तो म्हणाला. त्याने पाचवं लावलं, आणि आम्ही तिघं बसून ऐकलं. मी आळशी मुलगा डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न करत होते. दादा आणि मैत्रीण अजून म्हाताऱ्याचंच ऐकत होते, त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मला वाटत होतं की एका माणसाचं गाणं मी खरंखरं काढून घेतलं, आणि ज्यांचं काहीच बिघडलं नाही अशा सगळ्यांकडे ते राहू दिलं.

चौथ्या रविवारी तो आला. चप्पल काढून नेहमीच्या जागी बसला. पाचव्या गाण्यापर्यंत माझ्याशी बोलला नाही. मग मीच विचारलं, आणि माझ्या आवाजाने दादासुद्धा दचकला.

"बाबा ऐकतात का?"

"पंधरा दिवस हात नाय लावला." तो म्हणाला. "मग एक दिवस चारला स्वतः उठले आणि लावलं. मी घरीच होतो."

"काय म्हणाले?"

"त्याला शिव्या घालत होते."

"कोणाला?"

"गाणाऱ्याला. ऊठ रे मेल्या. मास्तर थंय बसलो आसा आणि हो म्हणता कोण वाट बघणा नाय. कोट घाल आधी. आता रोज चालू आहे. आईपण मधेमधे बोलते त्याला."

मैत्रीण हसायला लागली. तो हसला नाही, पण माझ्याकडे बघत होता.

"आणि गाणं संपलं की?" मी विचारलं.

"परत लावायला लावतात," तो म्हणाला. "म्हणतात, एकदा सांगान उठणाऱ्यातलो नाय तो."